पापणीवाली

अंडं तळहातावर घ्यायचं, डोळा मिटायचा आणि अंड्याची जाड बाजू पापणीला टेकवायची. एक श्वास आत, एक श्वास बाहेर. तेवढ्यात कळतं. अंडं गार असेल तर पापणी आक्रसते. जास्त तापलं असेल तर पापणीखाली बुबुळ चुळबुळ करतं. आणि बरोबर असेल तर काहीच होत नाही. अंडं टेकवलंय हेच विसरायला होतं. पिल्लू आत सुखी असल्याची खूण तीच.

तळहाताचं खरं मानायचं नाही. तळहाताने धुणी धुतलेली असतात, लाकडं उचललेली असतात, त्याला घट्टे पडलेले असतात. गाल उन्हाने रापतो. पापणीला मात्र कोणी कधी कामाला जुंपत नाही, म्हणून ती खरं सांगते. हे तिला सासूने शिकवलं होतं आणि सव्वीस वर्षं तिची पापणी खरं सांगत आली होती. गावभर तिला पापणीवाली म्हणत. पापणीवालीचं घर, पापणीवालीचा नवरा, पापणीवालीची सून. अख्ख्या घराची ओळख त्या एवढ्याशा कातड्यावर उभी होती.

भिंतीवर मुलाने आणलेला थर्मामीटर लटकत असे. "तो भिंतीचा ताप सांगतो," ती म्हणायची. "भिंतीला पिल्लं व्हायची असतील तर बघू त्याच्याकडे."

उबवणीची खोली घराच्या मागे होती. हातभर जाड मातीच्या भिंती, एका अंगाला भट्टी, समोरच्या अंगाला दार आणि दारावर दोन झरोके. मधे तुसाने भरलेल्या टोपल्यांच्या रांगा, तुसात बदकाची अंडी. भट्टीत लाकूड घालणं नवऱ्याचं काम. दिवसातून चार वेळा अंडी फिरवणं सुनेचं. आणि आग किती हवी ते सांगणं पापणीवालीचं. मुलगा गाडीवर, पिल्लं पोचवायला गेला की आठवडा आठवडा बाहेर. सासू मागच्या ओट्यावर. म्हातारीला आता दिसत नव्हतं, पण कान असे की टोपलीत अंडं अंड्याला लागलं तरी ती ओट्यावरून ओरडायची, "हळू गं."

या खेपेला बाराशे अंडी होती आणि सगळी तळेवाल्याची. तळेवाला पलीकडच्या गावचा. तळ्यात पाणी सोडायच्या आत त्याला पिल्लं हवी होती. पिल्लं पहिल्या पाण्याला लागली नाहीत तर वर्षभर रडतात आणि त्यांच्या मागे मी रडतो, असं तो म्हणायचा. मोठ्या बाजारात कोणी विजेवरचं यंत्र बसवलं होतं. तळेवाला तिकडे एकदा डोकावून आला होता आणि ते त्याने मुद्दाम सांगितलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी पापणीवालीने भट्टीकडच्या टोपलीतलं अंडं उचललं, डोळा मिटला आणि म्हणाली, "गार आहे. दोन लाकडं घाला."

नवऱ्याने घातली.

पंधरा मिनिटांनी तिने तेच अंडं पापणीला लावलं आणि झटक्यात खाली घेतलं. "केवढं तापवलंत हो? ओढा बाहेर लाकडं."

"मघाशी गार होतं."

"मघाशी होतं."

तासाभराने पुन्हा गार. पुन्हा लाकूड. पुन्हा ओढा. नवरा भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसला, हातात अर्धं जळकं लाकूड, भुवया राखेने पांढऱ्या झालेल्या. "एकदा ठरव बाई," तो म्हणाला, "अंडी उबवायचीत का मला भाजायचंय."

सून फिसकन हसली. पापणीवाली हसली नाही. तिच्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरत होती आणि पाठ ओली होताच हुडहुडी भरत होती. ओठ पुसायला तिने फडकं घेतलं तर फडकंही ओलंच.

"खुडूक झालीय ही," नवरा सुनेला ऐकू जाईल असं पुटपुटला. "अंडी बंद झालेल्या कोंबडीसारखी. गरम डोकं आणि टोच मारायला तयार."

आठ महिने हे चाललं होतं. पोटाच्या वरून उसळी निघायची, ती छाती, गळा, कान करत टाळूपर्यंत जायची. कान तर असे पेटायचे की त्यावर हात धरवत नसे. मग घाम, मग थंडी. दिवसातून सहादा, कधी दहादा. पाळी दोन दोन महिने तोंड दाखवत नसे आणि आली की अशी यायची की बसल्या जागेवरून उठायची चोरी. गुडघे कुरकुरत. हनुवटीवर दोन राठ केस उगवले होते, ते ती चिमट्याने उपटायची आणि ते पुन्हा यायचे. खालचं अंग कोरडं पडलं होतं. नवरा जवळ आला की आग व्हायची, आणि "अंग दुखतंय" यापलीकडे तिला शब्द सुचत नव्हता. नवरा बिचारा दर वेळी विचारायचा, "कुठलं?" आणि ती दर वेळी वेगळं सांगायची. त्याला वाटलं, बायको कंटाळली आपल्याला. तिला वाटलं, आपण बाई उरलो नाही. दोघं दोन भिंतींकडे तोंड करून झोपत होती आणि दोघांनाही झोप लागत नव्हती.

ती दवाखान्यात गेली होती. नर्सने कागदावरून मान वर न करता विचारलं, "वय?"

"एकोणपन्नास."

"मग होतंच असं. वय झालं. पुढे कोण आहे?"

म्हैस आटली तर मालक चार घरं विचारत फिरतो. काय खायला घालू, कुणाला दाखवू. चावडीवर बसून त्याची चर्चा होते आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही. पोरीला पहिल्यांदा रक्त दिसतं तेव्हा घरातल्या बाया निदान कोपऱ्यात कुजबुजतात. ते थांबायला लागतं तेव्हा कुजबुजसुद्धा नाही. ज्या पोटाने घर भरलं त्या पोटाबद्दल कोणाला एक वाक्य बोलायचं नसतं. बाई स्वतःच स्वतःला विचारते, मी वेडी होतेय का? आणि उत्तर द्यायला दुसरं कोणी नसल्यामुळे स्वतःच सांगते, हो, होत असशील.

पण उसळी आणि पापणी यांचा काही संबंध असेल हे पापणीवालीच्या डोक्यात आलं नव्हतं. अंग बिघडेल, डोकं बिघडेल, पापणी कशी बिघडेल? पापणीवर तिचा देवासारखा विश्वास होता.

बाराव्या दिवशी अंडी उजेडाला धरली. खोलीत अंधार करायचा, एका डब्यात दिवा ठेवायचा, डब्याला अंड्याएवढं भोक. भोकावर अंडं धरलं की आतलं दिसतं. जिवंत अंड्यात कोळ्याचं असावं तसं लाल जाळं आणि मधोमध एक ठिपका, सतत धडपडणारा. पहिली टोपली, दुसरी टोपली, ठीक. नवव्या टोपलीपासून जाळं दिसेना. अंडं फिरवलं तरी ठिपका हलेना. जाळं तुटून कडेला रक्ताचं कडं साचलेलं.

"मेलं," ती म्हणाली आणि अंडं बाजूला ठेवलं.

"मेलं."

"मेलं."

सून शेजारी बसून मोजत होती. दोनशेच्या पुढे तिचा आवाज बसला. शेवटी आकडा सव्वातीनशेवर थांबला. दार उघडलं तेव्हा तिघांचेही चेहरे तुसासारखे झाले होते.

नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "झरोके," तो म्हणाला. "परवा मी लाकडं घेऊन आलो तर दोन्ही झरोके सताड उघडे. त्याच्या आदल्या दिवशीही. ही पोरगी स्टुलावर चढून उघडत होती, मी डोळ्यांनी पाहिलं. वारं लागलं अंड्यांना."

"बाबा, मी..." सून म्हणाली आणि थांबली. तिने सासूकडे पाहिलं.

पापणीवालीच्या हातात एक मेलेलं अंडं होतं. ती त्या अंड्याकडे पाहत राहिली. आग आपण सांगितली, उलटसुलट सांगितली, हे तिला त्या क्षणी पुरतं माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी ती उभी राहिली. आणि मग तिने जे केलं ते गप्प बसण्यापेक्षा वाईट होतं. ती सुनेला म्हणाली, "पुढच्या वेळी विचारून उघडत जा."

सुनेने मान हलवली आणि टोपल्या उचलायला वाकली.

मेलेली अंडी आवारातच पुरायची, नाहीतर कुत्री उकरतात. सून घराच्या मागे खड्डा खणत होती. माती कडक होती आणि कुदळ दर घावाला टणकन वाजत होती. पापणीवाली एकेक टोपली आणून ठेवत होती. ओट्यावर म्हातारी पाय सोडून बसली होती, तोंड घावांच्या दिशेला.

"किती गेली?" म्हातारीने विचारलं.

"सव्वातीनशे."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? अंडी."

"अगं, भट्टीकडची का दाराकडची?"

पापणीवाली टोपली हातात घेऊन उभी राहिली. खड्ड्यातून सून म्हणाली, "भट्टीकडची, आजी. सगळी भट्टीकडची. दाराकडची एक मेली नाही."

म्हातारीने पाय वर घेतले आणि पोटाशी धरले.

वारं लागून अंडी मरतात तेव्हा आधी दाराकडची मरतात. हे या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पापणीवालीने सुनेकडे पाहिलं. सून माती उपसत होती, घाम पुसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही नवल नव्हतं. म्हणजे हिला ठाऊक होतं. सासूने आग वाढवली की ही पोरगी गुपचूप स्टुलावर चढत होती आणि झरोके उघडत होती. म्हणून पावणेनऊशे जिवंत राहिली होती. आणि खापर तिच्याच डोक्यावर फुटलं होतं.

पापणीवालीने टोपली खड्ड्यात रिकामी केली. अंडी एकमेकांवर आपटून फुटली. त्या आवाजासरशी तिला दुसरा खड्डा आठवला, याच मागच्या जागेत, सत्तावीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा कुदळ तिच्या हातात होती. ती या घरात नवी होती आणि चारशे अंडी मेली होती, आणि सासूने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की सुनेने दार उघडं टाकलं. पुढे वर्षभर गावात तिचं नाव 'उघडं दार' पडलं होतं. विहिरीवर बाया म्हणायच्या, आलं बघा उघडं दार, जपा आपापली पोरं. ती स्वतःसुद्धा समजून चालली होती की टाकलं असेल आपण, नसेल राहिलं लक्षात. त्या वेळच्या मेलेल्या टोपल्या तिनेच उचलून आणल्या होत्या. कुठून उचलल्या होत्या? तिने डोळे मिटले. उचलताना उजवा दंड भाजत होता. उजवीकडे भट्टी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हातारीला न्हाऊ घालत होती. म्हातारी पाटावर बसली होती, उघडी, पाठीचे मणके एकेक मोजावेत असे.

"आत्याबाई," पापणीवाली म्हणाली, "तेव्हा कुठली मेली होती?"

"पाणी गरम आहे."

"पाणी बरोबर आहे. कुठली मेली होती?"

"आधी पाठ घास. मग सांगते. आधी सांगितलं आणि तू चिडलीस तर पाठ तशीच राहायची."

तिने पाठ घासली. चांगली, खालपर्यंत.

"भट्टीकडची," म्हातारी म्हणाली. "मला तेव्हा वाफा यायच्या. इथून, इथपर्यंत. अंडं लावलं की गार लागायचं. तुझ्या सासऱ्याला म्हणायची, घाल लाकूड. तो घालायचा. पुन्हा लावलं की चटका. मला वाटलं मला करणी केली कोणी. मग चारशे मेली."

"आणि तुम्ही माझ्यावर घातलंत."

"घातलं."

"का?"

"पापणी गेली म्हटलं असतं तर मी कोण राहिले असते या घरात? भांडी घासणारी. तू नवी होतीस, तुझ्याकडे अजून घालवण्यासारखं काही नव्हतं."

"माझं नाव होतं, आत्याबाई."

म्हातारीच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. तिथेही दोन राठ केस होते, पांढरे.

"पुढच्या वर्षी तुम्ही मला पापणी शिकवलीत," पापणीवाली म्हणाली. "मला वाटलं, माफ केलंत मला."

"माफ कसलं करायचंय? मला पुन्हा अंडं लावायची भीती बसली. मोतीबिंदू झालाय म्हणून सांगितलं आणि बाहेर येऊन बसले. पापणी लावायला डोळा कशाला लागतो, असं एकाने विचारलं नाही. पुढे मोतीबिंदू खराच झाला."

पापणीवालीने शेवटचा तांब्या गार पाण्याचा ओतला. म्हातारी शहारली, पण ब्र काढला नाही. तेवढा तांब्या या सुनेच्या हक्काचा होता, आणि दोघींनाही ते मान्य होतं.

मग तिने म्हातारीला कोरडं केलं, कपडे घातले, केस विंचरले. विंचरता विंचरता तिला उसळी आली. म्हातारीच्या डोक्यावरचा तिचा हात तापला. म्हातारीने वर हात करून तिचं मनगट धरलं आणि उसळी ओसरेपर्यंत सोडलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणाला तरी न सांगता कळलं होतं.

दुपारी तळेवाला आला. नवऱ्याने त्याला अंगणात खाट टाकून दिली आणि घसा साफ केला. "त्याचं काय झालं," नवरा म्हणाला, "सून नवीन आहे. झरोके उघडे राहिले. सव्वातीनशे गेली."

तळेवाला खाटेवरून अर्धा उठला. "यंत्राला सून नसते, बघा," तो म्हणाला.

पापणीवाली दारात होती. सून तिच्या मागे, पाण्याचा पेला घेऊन. पापणीवाली पुढे झाली. "वाऱ्याने नाही मेली. आगीने मेली. आग मी सांगितली होती."

"तू गप्प बस," नवरा म्हणाला.

"कालपासून गप्पच बसले होते. तेवढं पुरे." ती तळेवाल्याकडे वळली. "माझी पाळी जायला लागलीय. अंगातून उसळी येते. उसळी आली की माझं अंग तापतं आणि बरोबर असलेलं अंडं मला गार लागतं. मी लाकूड घालायला लावलं. हिने झरोके उघडले नसते तर तुमची बाराशेच्या बाराशे उकडली असती. माझ्या सुनेने तुमची पावणेनऊशे वाचवलीत आणि काल मी तिलाच बोलले."

नवऱ्याने जमिनीत कुठे भोक दिसतं का ते पाहिलं. तळेवाला आभाळाकडे बघू लागला, जणू तिथे बदकं उडत होती.

"वहिनी, असलं आता... चारचौघांत..." तो म्हणाला.

"तुमचं बदक अंडी घालायचं थांबलं की माझ्याकडे पळत येता. त्याची शेपटी वर करून दाखवता. तेव्हा लाजत नाही."

तळेवाल्याने सुनेच्या हातातला पेला घेतला, पाणी प्यायला आणि खाली बघत म्हणाला, "आमची मागच्या थंडीत भर दुपारी तळ्यात जाऊन बसली होती. गळ्यापर्यंत. मी म्हटलं बाहेर ये, तर मला चिखल फेकून मारला."

"वय काय तिचं?"

"असेल तुमच्याएवढी."

"मग बरोबर."

"म्हणजे वेड नाही ते?"

"नाही."

"किती दिवस चालतं?"

"ते कोणी सांगत नाही. तिला इकडे पाठवा, दोघी मिळून शोधून काढू."

"पावणेनऊशे पिल्लं द्या, मग पाठवतो," तळेवाला म्हणाला. पण जाताना तो खोलीच्या दारापर्यंत गेला, वरच्या झरोक्यांकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाला, "स्टूल डगमगतंय तुझं, पोरी. पडशील." एवढ्या शब्दांत तो यंत्र विसरला.

तो गेल्यावर सून चुलीशी बसली होती. पापणीवाली तिच्यासमोर जाऊन बसली. "माझं चुकलं," ती म्हणाली.

त्या घरात हे दोन शब्द आजवर खालून वर गेले होते, वरून खाली कधी आले नव्हते. सुनेला काय करावं कळेना. तिने विस्तव उगीच खालीवर केला.

"आधीच का नाही बोललीस?"

"काय बोलणार, आई? तुमची पापणी बिघडलीय म्हणू?"

"हेच म्हणायचं. याच शब्दांत."

"बरं," सून म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुमची पापणी बिघडलीय, आई."

यावर मात्र दोघी हसल्या, पोट धरून. भट्टीपाशी नवऱ्याला वाटलं आपल्यालाच हसतायत. काही अंशी ते खरं होतं.

त्या दिवसापासून रीत बदलली. उसळी आली की पापणीवालीने मोठ्याने "आली" म्हणायचं. म्हटलं की नवऱ्याने लाकूड खाली ठेवायचं आणि कोणी काही करायचं नाही. तिने बाहेर जाऊन तोंड धुवायचं, घाम वाळू द्यायचा, मग येऊन अंडं लावायचं. पहिल्या दिवशी "आली" ऐकून नवरा दचकला आणि दाराकडे बघू लागला, कोण आली म्हणून. तिसऱ्या दिवशी तो स्वतः विचारू लागला, "गेली का?" एका संध्याकाळी लाकडं रचताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "ते अंग दुखतं म्हणायचीस, ते हेच का?"

"हेच. आणि कोरडं पडतं. दुखतं."

"मला वाटलं माझा कंटाळा आला."

"तो वेगळा," ती म्हणाली. "तो वीस वर्षं जुना आहे."

नवरा मान खाली घालून हसला. "आणि काय हो," ती म्हणाली, "खुडूक म्हणालात ना मला? अंडी घालणारी अंडी घालून हुंदडायला जाते. पिल्लं खुडूकच काढते." त्याने उरलेली लाकडं नीट, एकसारखी रचली. त्या आठवड्यात खाटा पुन्हा एकमेकींना लागल्या. घाईचं काही नव्हतं. आणि दिवस राहायची धास्तीही आता जाणार होती, सत्तावीस वर्षं मानेवर बसलेली. जाणाऱ्या गोष्टींत एवढं सुख असेल हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सुनेलाही पापणी शिकवणं चालू होतं. पण शिकणारीला सगळीच अंडी बरोबर लागतात. विसाव्या दिवसानंतर गोष्ट अवघड होते, कारण आतलं पिल्लू स्वतःची ऊब सोडायला लागतं. आता आग जास्त झाली तर सगळंच जाईल. एकविसाव्या दिवशी पापणीवाली म्हणाली, "तापलंय थोडं," आणि सून म्हणाली, "मला बरोबर वाटतंय." पापणीवाली नुकतीच घाम पुसून आली होती. तिचा तिच्यावर भरवसा नव्हता, सुनेचा सुनेवर नव्हता.

"तिसरी पापणी पाहिजे," सून म्हणाली. तिने अंडं फडक्यात गुंडाळलं आणि सरळ ओट्यावर गेली.

"आजी, डोळा मिटा."

"मिटलेलेच आहेत."

सुनेने अंडं म्हातारीच्या पापणीला टेकवलं. म्हातारी चटका बसावा तशी मागे सरली. "नको. ते गेलंय माझं. काढ ते."

"एकदाच."

"कधीच गेलंय, सांगितलं ना."

पापणीवाली दारात येऊन उभी राहिली होती. "आत्याबाई," ती म्हणाली, "एवढं करा. माझ्यासाठी करा."

म्हातारी थांबली. तिने हात पुढे केला, अंडं स्वतःच्या तळहातावर घेतलं, अंगठ्याने त्याची जाड बाजू शोधली आणि पापणीला लावलं. एक श्वास आत. एक श्वास बाहेर. तिच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

सुनेने दुसरं अंडं आणलं, दाराकडचं. "हे जरासं उणं," म्हातारी म्हणाली, "पण चालेल. दाराकडचं आहे का?" तिसरं भट्टीशेजारचं. "हे हलव तिथून. मधे घे." सुनेने मुद्दाम मघाचंच पुन्हा आणलं. "हे मघाचंच. मला फसवतेस होय गं?"

पापणीवालीचा घाम आता पुरता वाळला होता. तिने तिन्ही अंडी एकेक करून स्वतःच्या पापणीला लावली. म्हातारी बोलली तसं तंतोतंत.

"परत आलीय," सून म्हणाली. "आजी, तुमची पापणी परत आलीय. कधी आली?"

म्हातारीने अंडं मांडीवर ठेवलं होतं आणि दोन्ही हातांनी झाकलं होतं. "मला काय माहीत," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही."

दोन-तीन वर्षांतच आली असेल. आणि ही बाई पुढची तेवीस-चोवीस वर्षं भिंतीपलीकडच्या अंड्यांचे आवाज ऐकत ओट्यावर बसून राहिली, कारण गेलेलं परत येतं हे तिला सांगणारं कोणी नव्हतं आणि तिने कोणाला विचारलं नव्हतं. पापणीवालीला संताप आला, पण तो म्हातारीवर धरायला जागा सापडेना. तिने वाकून म्हातारीच्या काखेत हात घातला. "उठा. आत चला. बसून खूप झालं."

सव्विसाव्या दिवशी मोठ्या परातीत कोमट पाणी घेतलं. म्हातारी आत, दाराशी स्टुलावर. स्टुलाचा पाय नवऱ्याने ठोकून घट्ट केला होता. अंडी एकेक करून पाण्यावर सोडायची. मेलेलं अंडं नुसतं तरंगतं. जिवंत पिल्लू आत पाय झाडतं आणि अंडं पाण्यावर नाचतं, डुलतं, गिरकी घेतं. पहिली वीस सोडली आणि परातभर नाच सुरू झाला. नवरा भट्टी सोडून बघायला आला. एवढी वर्षं बघूनही दर वेळी येत असे.

"नाचतायत का?" म्हातारीने विचारलं.

"बोट बुडवा," सून म्हणाली. म्हातारीने बोट बुडवलं. एक अंडं येऊन बोटाला थडकलं, मागे गेलं, पुन्हा थडकलं.

"भांडकुदळ आहे," म्हातारी म्हणाली.

तेवढ्यात पापणीवालीच्या पोटाच्या वरून उसळी निघाली. "आली," ती म्हणाली.

नवऱ्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं. सुनेने पुढचं अंडं सोडता सोडता थांबवलं. "तू जा," म्हातारी म्हणाली, "मी आहे."

ती बाहेर आली आणि ओट्यावर बसली, म्हातारीच्या जागेवर. इतकी वर्षं एकाच ठिकाणी बसून दगडाला खळगा पडला होता. तिने कपडे सैल केले, कान वाऱ्याकडे धरले. आतून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता आणि म्हातारी सुनेवर खेकसत होती, "हळू गं, पिल्लू आहे, दगड नाही." मागे मोकळ्या जागेत बुजवलेल्या खड्ड्यावर गवताची दोन पाती वर आली होती. उसळी कानांपर्यंत गेली, टाळूला लागली, उतरली. घाम वाळला.

ती खळग्यातून उठली, हात धुतले आणि आत गेली.

"गेली का?" नवऱ्याने विचारलं.

"गेली," ती म्हणाली. "द्या अंडं."